विश्लेषण : पाणबुडीला रबराची ‘कानटोपी’ कशासाठी? प्रवाहाचा गोंगाट रोखणारा लवचिक लेप काय करतो, काय करत नाही?

पाणबुडी जितकी वेगाने जाते, तितकी ती बहिरी होत जाते. यंत्रे कितीही शांत केली, प्रॉपेलर कितीही नेमका घडवला, तरी तिच्या अंगावरून घसरत जाणारे पाणीच तिच्या कानाशी गोंगाट करते. हा गोंगाट कमी करण्यासाठी पृष्ठभागावर रबरासारखा मऊ, लवचिक लेप द्यायचा ही कल्पना साठहून अधिक वर्षे जुनी आहे. ‘डॉल्फिनच्या कातडीसारखा लेप’ अशा आकर्षक नावाने ती अधूनमधून चर्चेत येते.

मात्र या एका नावाखाली दोन अगदी वेगळे दावे केले जातात. पहिला, लेप पाण्याचा गोंगाट सोनारपर्यंत पोहोचू देत नाही. दुसरा, लेप पाण्यालाच शांत करतो. पहिल्या दाव्यामागचे विज्ञान पक्के आहे आणि त्याचा वापरही होतो. दुसऱ्याचा इतिहास मोठ्या आशांचा आणि छोट्या निष्कर्षांचा आहे. मुंबईत पाणबुड्या बांधल्या जात असताना आणि ‘स्टेल्थ’ हा शब्द प्रत्येक जलावतरणाच्या बातमीत येत असताना, हा फरक सामान्य वाचकानेही समजून घ्यायला हवा.

वेग हवा की कान?

समुद्रात प्रकाश फार खोल जात नाही, रडारच्या लहरी तर जवळपास लगेच विरतात. ध्वनी मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने आणि कित्येक किलोमीटर जातो. त्यामुळे पाण्याखाली ‘पाहणे’ म्हणजे ऐकणे. पाणबुडीच्या नाकाशी, कुशीवर किंवा शेपटीसारख्या ओढलेल्या लांब केबलमध्ये हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे मायक्रोफोन बसवलेले असतात. दूरच्या जहाजाचा क्षीण आवाज टिपणे हे त्यांचे काम.

पाणबुडीला स्वतःच्याच गोंगाटाचा त्रास तीन ठिकाणांहून होतो. यंत्रांची थरथर, प्रॉपेलर आणि अंगावरून वाहणारे पाणी. तीन-चार नॉटच्या संथ गतीला तिसरा स्रोत नगण्य असतो. वेग वाढला की तो झपाट्याने वर येतो. पाण्याच्या खळबळीतून पृष्ठभागावर पडणारा बदलता दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाबाचे चढउतार चौपट. पाच नॉटवरून चाळीस नॉटवर गेलो, तर वेग आठपट आणि दाबाचे चढउतार चौसष्टपट.

म्हणूनच पाणबुडीविरोधी युद्धात ‘धावा आणि थांबून ऐका’ अशी जुनी पद्धत आहे. काही काळ वेगाने पुढे जायचे, मग गती कमी करून कान द्यायचा. धावण्याच्या त्या काळात शत्रू जवळून गेला तरी कळत नाही. ऐकू येण्याजोगा वेग दोन-तीन नॉटनी वाढवता आला, तर हा आंधळा काळ कमी होतो. लवचिक लेपाची सारी धडपड या दोन-तीन नॉटसाठी आहे.

प्रवाहाचा गोंगाट हा खरा ‘आवाज’ आहे का?

इथेच या विषयाची किल्ली आहे. पाणी कोणत्याही पृष्ठभागावरून जाते तेव्हा पृष्ठभागाला चिकटलेला थर जवळपास स्थिर राहतो आणि बाहेरचे पाणी पुढे धावते. या दोहोंमधल्या पातळ पट्ट्याला सीमास्तर म्हणतात. सुरुवातीला तो गुळगुळीत असतो. दहा नॉट वेगाला पहिल्या साधारण मीटरभराच्या आत त्यात भोवरे तयार होऊ लागतात आणि तेथून पुढे शेवटपर्यंत खळबळच असते. हे भोवरे पृष्ठभागावर सतत थापा मारत पुढे सरकतात.

दहा नॉटला, म्हणजे सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने, पाण्याचा गतिज दाब सुमारे १३ हजार पास्कल असतो. भोवऱ्यांमुळे होणारे चढउतार त्याच्या एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे शंभरेक पास्कलच्या घरात. हवेत आपण समोरासमोर बोलतो तेव्हाचा ध्वनिदाब पास्कलच्या दोन शतांश भागाइतका असतो. दूरच्या जहाजाची चाहूल घेणाऱ्या संवेदकावर पडणाऱ्या या थापा किती जबर असतात, याची यावरून कल्पना यावी.

गंमत अशी की या थापा फार दूर ऐकू जात नाहीत. ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये खळबळीतून ध्वनी कसा जन्मतो याचा सिद्धांत मांडला. ध्वनीच्या वेगापेक्षा फारच संथ प्रवाहातील भोवरे दूरवर ध्वनी पाठवण्यात अत्यंत अकार्यक्षम असतात, हे त्यातून स्पष्ट झाले. पाणबुडीचा वेग पाण्यातील ध्वनिवेगाच्या जेमतेम एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणजे प्रवाहाचा हा गोंगाट बहुतांशी जागच्या जागी राहणारा फसवा आवाज आहे. तो शत्रूला फारसा ऐकू जात नाही, पण स्वतःचे कान बधिर करतो. पत्र्याला थरथरवून तो खऱ्या ध्वनीत रूपांतरित झाला, तर मात्र बाहेरही जातो.

याचा अनुभव मोबाइल वापरणाऱ्या प्रत्येकाला आहे. पावसाळ्यात मरिन ड्राइव्हवर उभे राहून व्हिडीओ केला की शब्दांऐवजी ‘फर्र फर्र’ ऐकू येते. शेजारी उभ्या माणसाला तो आवाज ऐकू येत नाही, कारण तो हवेत नसतोच. वाऱ्याचे भोवरे मायक्रोफोनच्या पडद्यावर आपटत असतात. वृत्तवाहिनीच्या प्रतिनिधीच्या माइकवर स्पंजची किंवा केसाळ टोपी असते ती यासाठीच. ती बोलणे आत येऊ देते आणि भोवऱ्यांना पडद्यापासून चार बोटे दूर ठेवते. पाण्याखालचा लवचिक लेप ही हायड्रोफोनची तशीच टोपी आहे.

लेप गोंगाट अडवतो, मग हवा असलेला आवाज कसा जातो?

ध्वनी आणि भोवरे यांच्या आकारात प्रचंड फरक असतो. एका सेकंदात ५०० कंपने होणारा आवाज घेऊ. पाण्यात त्याची तरंगलांबी तीन मीटर भरते. भोवरे मात्र ध्वनीच्या वेगाने नव्हे, तर प्रवाहाच्या साधारण सत्तर टक्के वेगाने सरकतात. दहा नॉटला हा वेग सेकंदाला साडेतीन मीटर. तेव्हा ५०० कंपनांच्याच वारंवारतेला भोवऱ्यांच्या दाबाची तरंगलांबी फक्त सात मिलिमीटर येते. वारंवारता तीच, पण एकाचा हात तीन मीटर लांब आणि दुसऱ्याचा जेमतेम बोटाच्या पेराएवढाही नाही.

आता हायड्रोफोन आणि पाणी यांच्यात रबराचा थर ठेवला. योग्य मिश्रणाच्या रबराची घनता आणि त्यातील ध्वनिवेग पाण्याच्या अगदी जवळ आणता येतो. त्यामुळे तीन मीटरच्या ध्वनिलहरीला हा थर जाणवतच नाही, ती जणू पाण्यातून गेल्यासारखी आरपार जाते. सात मिलिमीटरच्या थापांचे तसे होत नाही. शेजारशेजारचे दाबाचे उंचवटे आणि खळगे थरात शिरताच एकमेकांना मारून टाकतात. सोप्या गणितानुसार, थराची जाडी त्या थापांच्या एका तरंगलांबीइतकी असेल, तर पलीकडे पोहोचणारा दाब सुमारे पाचशेपट क्षीण होतो. अर्ध्या तरंगलांबीच्या जाडीतही तो वीसपटीहून अधिक घटतो.

सतरंजीवर पसरलेल्या मुरमुऱ्यांवर जाड गादी टाकली तर त्यावर झोपणाऱ्याला ते टोचत नाहीत. खाली खाट हलली तर ती मात्र लगेच कळते. लेप याच तत्त्वावर बारीक आणि मोठे यांच्यात निवड करतो. हायड्रोफोनचा पृष्ठभाग मोठा ठेवूनही हेच साधता येते, कारण मोठ्या पृष्ठभागावर शेकडो छोट्या थापांची सरासरी शून्याकडे जाते. प्रत्यक्षात दोन्ही उपाय एकत्र वापरले जातात.

गणिताची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. १०० कंपनांच्या वारंवारतेला त्याच वेगाने थापांची तरंगलांबी ३५ मिलिमीटर होते. दहा मिलिमीटरचा लेप त्यांना सहापटच कमी करतो. ५० कंपनांना तर निम्म्याच्या आसपास दाब आत येतो. आणि समुद्रात सर्वांत दूर जाणारे आवाज नेमके कमी वारंवारतेचे असतात. वेग दुप्पट केला की तरंगलांबीही दुप्पट होते, म्हणजे लेपही दुप्पट जाड हवा. शिवाय खळबळीत लांब तरंगलांबीचा थोडा अंश असतोच आणि पत्र्याची थरथर मागच्या बाजूने येते. त्यामुळे कागदावरील पाचशेपट समुद्रात मिळत नाही. तरीही योग्य वारंवारतेच्या पट्ट्यात हा उपाय भरवशाचा आहे.

मग डॉल्फिन कोठून आला?

दुसऱ्या दाव्याची गोष्ट १९३६ पासून सुरू होते. केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ जेम्स ग्रे यांनी हिशेब मांडला, की डॉल्फिन ज्या वेगाने पोहतो त्यासाठी लागणारी ताकद त्याच्या स्नायूंत असूच शकत नाही. म्हणजे त्याच्या कातडीत काही जादू असावी. ‘ग्रे यांचा विरोधाभास’ म्हणून हे कोडे प्रसिद्ध झाले. पुढच्या काळातील मोजमापांत डॉल्फिनच्या स्नायूंची ताकद ग्रे यांच्या गृहीतकापेक्षा बरीच जास्त निघाली आणि कोड्यातील हवा गेली. पण तोपर्यंत अभियंत्यांच्या मनात कातडीने घर केले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गेलेले जर्मन अभियंते मॅक्स क्रेमर यांनी डॉल्फिनच्या कातडीवरून रबराचा लेप तयार केला. वर पातळ पडदा, खाली रबराचे छोटे खुंट आणि त्यांच्या मधल्या जागेत दाट द्रव. कॅलिफोर्नियातील लाँग बीच बंदरात मोटरबोटीमागे हे नमुने ओढून त्यांनी प्रयोग केले. १९५७ आणि १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत घर्षण सुमारे ६० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचा दावा होता. घर्षण कमी म्हणजे खळबळ कमी, आणि खळबळ कमी म्हणजे गोंगाट कमी. साहजिकच नौदलांचे कान टवकारले.

मात्र नंतरच्या नियंत्रित प्रयोगांत ते आकडे पुन्हा कोणालाही मिळाले नाहीत. खुल्या बंदरात, बोटीमागे, लाटांच्या सान्निध्यात केलेले मोजमाप किती विश्वासार्ह, हा प्रश्न उरलाच. तरीही क्रेमर यांची मूळ कल्पना पूर्ण फोल नव्हती. ब्रूक बेंजामिन आणि मार्टेन लँडाल यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस दाखवून दिले, की लवचिक पृष्ठभाग गुळगुळीत प्रवाहातील पहिल्या लहरींची वाढ रोखू शकतो. १९८७ मध्ये बंगळूरु येथे खळबळीच्या नियंत्रणावर आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला. त्याच्या इतिवृत्तात ब्रिटिश संशोधक मायकेल गॅस्टर यांनी ओढटाकीतील काटेकोर प्रयोग मांडले. सिद्धांत सांगतो तसाच लवचिक पृष्ठभागावर लहरींची वाढ मंदावते, हे त्यातून दिसले. त्यांच्या निबंधाचे शीर्षक मात्र ‘डॉल्फिन ही दिशाभूल तर नाही?’ अशा अर्थाचे होते.

हा निष्कर्ष गुळगुळीत प्रवाहापुरता आहे. पाणबुडीच्या नाकावरचा छोटा भाग किंवा पाणतीराचे टोक सोडले, तर तसा प्रवाह उरतोच कुठे? पूर्ण खळबळीच्या प्रवाहावर लेपाचा परिणाम काय, याची नेमकी मोजमापे ब्रिटिश आणि रशियन संशोधकांच्या गटाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. घर्षण सात टक्क्यांपर्यंत आणि पृष्ठभागावरील दाबाचे चढउतार १९ टक्क्यांपर्यंत कमी झाले. विज्ञान म्हणून हे मोलाचे आहे. पण १९ टक्के घट म्हणजे दोन डेसिबलहूनही कमी. क्रेमर यांच्या ६० टक्क्यांपुढे आणि थराच्या गाळणीपुढेही हा आकडा अगदीच छोटा आहे.

लेप जितका मऊ, तितका चांगला का नाही?

दुसरा दावा अवघड का आहे, याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. खरवसाच्या वडीला बोट लावले की ती सरसरून थरथरते. घट्ट, मऊ पदार्थात अशी आडवी लहर ज्या वेगाने पळते, तो वेग पदार्थाच्या ताठरपणावर ठरतो. मोटारीच्या टायरसारख्या रबरात तो सेकंदाला काही दशक मीटर असतो, जेलीसारख्या पदार्थात दोन-तीन मीटर.

पाण्याला काही जाणवावे इतका पृष्ठभाग हलायला हवा, तर लेप खूप मऊ हवा. पण तो इतका मऊ केला की त्यातील लहरीचा वेग भोवऱ्यांच्या वेगाच्या जवळ येतो. मग प्रवाह लेपाला झोके देऊ लागतो. पृष्ठभागावर सुरकुत्या उठतात, त्या प्रवाहाच्या आड येतात आणि गोंगाट कमी होण्याऐवजी वाढतो. ताठर ठेवला तर लेप सुरक्षित राहतो, पण पाण्याच्या दृष्टीने तो पत्र्यासारखाच. या दोहोंमधली उपयोगी पट्टी अरुंद आहे आणि ती एका विशिष्ट वेगापुरतीच असते. पाणबुडी दिवसभर एकाच वेगाने फिरत नाही.

गाळणीचे काम करणाऱ्या लेपाला ही अडचण कमी जाचते. त्याला हलायचे नसते, फक्त मध्ये उभे राहायचे असते. म्हणूनच तो अधिक ताठर, अधिक टिकाऊ ठेवता येतो.

पाणबुडीवरच्या काळ्या टाइल म्हणजे हाच लेप का?

बातम्यांत सर्वाधिक गल्लत इथे होते. पाणबुडीच्या अंगावर बसवलेल्या रबरी टाइलचे मुख्य काम शत्रूच्या सोनारने पाठवलेला ध्वनी शोषून त्याचा प्रतिध्वनी क्षीण करणे हे असते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने ‘यू-४८०’ या पाणबुडीवर सुमारे चार मिलिमीटर जाडीचे कृत्रिम रबर चढवले होते. आतल्या थरात छोटी छिद्रे होती. पौराणिक बुटक्याच्या अदृश्य करणाऱ्या झग्यावरून त्याला ‘अल्बेरिच’ हे सांकेतिक नाव दिले होते. ते शत्रूच्या कानांपासून लपण्यासाठी होते.

दुसऱ्या प्रकारचा थर पत्र्याची थरथर पाण्यात जाऊ देत नाही, म्हणजे आतील यंत्रांचा आवाज आत कोंडतो. तिसरा थर हायड्रोफोनपुढे बसून प्रवाहाच्या थापा गाळतो. पहिल्याला ध्वनी शोषायचा असतो, तर तिसऱ्याला तो आरपार जाऊ द्यायचा असतो. दोन्ही रबरच, पण कामे परस्परविरोधी. एकाच टाइलने ही सारी कामे उत्तम होतात असा दावा दिसला, तर थोडे थांबून विचार करावा.

प्रयोगशाळेतून समुद्रात गेल्यावर काय होते?

रबराचा ताठरपणा तापमानाबरोबर बदलतो. अरबी समुद्राच्या पृष्ठभागावरचे पाणी वर्षाचा बराच काळ २७-२८ अंशांच्या आसपास असते, खोलवर ते बरेच गार होते. युरोपातील थंड पाण्यासाठी जुळवलेले मिश्रण इथे वेगळे वागू शकते. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दोनशे मीटरवर तो वीसपट वाढलेला असतो. लेपात हवेचे कप्पे असतील तर ते चेपतात आणि लेपाचे गुणधर्मच बदलतात.

उबदार पाण्यात जीवही वेगाने चिकटतात. आधी शेवाळी चिकट थर, मग बार्नेकल आणि शिंपले. मऊ पृष्ठभाग खडबडीत झाला की भोवरे वाढतात आणि लेपाचा फायदा वाया जातो. रंगात मिसळले जाणारे विषारी टिनयुक्त रसायन २००८ मध्ये अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने बंद झाले. जीव घट्ट चिकटू नयेत म्हणून आता निसरडे सिलिकॉन लेप वापरले जातात; तेही मऊच असतात, पण गोंगाट गाळणे हा त्यांचा हेतू नसतो.

आणि सर्वांत साधी अडचण डिंकाची. लेप पत्र्याला वर्षानुवर्षे चिकटून राहायला हवा. ‘अल्बेरिच’ला ही समस्या होती आणि अमेरिकेच्या आधुनिक व्हर्जिनिया वर्गाच्या पाणबुड्यांवरील लेप जागोजागी सुटल्याची छायाचित्रेही प्रसिद्ध झाली आहेत. अर्धवट सुटलेला तुकडा पाण्यात फडफडतो आणि ज्यासाठी तो बसवला, त्याच्या उलट काम करतो.

नौदलापलीकडे याचा उपयोग कोणाला?

सागरतळाखालील तेल-वायू शोधणारी जहाजे काही किलोमीटर लांबीच्या हायड्रोफोनच्या केबल पाच नॉटच्या आसपास वेगाने ओढतात. खडकांतून परतलेले क्षीण पडसाद आणि केबलवरून वाहणाऱ्या पाण्याचा गोंगाट यांची लढाई तिथेही असते. त्यामुळे केबलचे बाहेरचे आवरण आणि आतील तेल किंवा जेल यांची निवड काळजीपूर्वक केली जाते. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक गोव्याच्या किनाऱ्यालगत माशांचे सामूहिक आवाज नोंदवतात. भरती-ओहोटीच्या ओढीत कुठेही स्थिर ठेवलेल्या हायड्रोफोनलाही कमी वारंवारतेत पाण्याच्या थापा बसतातच.

देवमाशांना या लेपाचा फायदा होईल का? फारसा नाही. व्यापारी जहाजांच्या गोंगाटात मुख्य वाटा प्रॉपेलरभोवती तयार होऊन फुटणाऱ्या बुडबुड्यांचा आणि त्यानंतर यंत्रांचा असतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांच्या गोंगाटाबाबत २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये त्या सुधारल्या. तिथे खरा प्रश्न प्रॉपेलरची रचना आणि जहाजाचा वेग हा आहे. जहाजाला रबर फासून समुद्र शांत होईल, असे कोणी सांगत असेल तर ते भलत्याच रोगावरचे औषध आहे.

भारतात हे काम कोठे होते?

या साखळीचे दुवे देशात आहेत आणि त्यातील दोन मुंबई परिसरात. माझगाव गोदीत कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या. पहिली, ‘आयएनएस कलवरी’, डिसेंबर २०१७ मध्ये आणि सहावी, ‘आयएनएस वागशीर’, १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झाली. अंबरनाथ येथे ‘डीआरडीओ’ची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे. रबर, पॉलिमर, रंग आणि गंजरोधक लेप ही तिची क्षेत्रे. पाणबुडीला जास्त काळ पाण्याखाली राहता यावे यासाठीची इंधनघट आधारित यंत्रणाही याच प्रयोगशाळेने विकसित केली.

सोनारचे काम कोचीतील ‘एनपीओएल’ ही प्रयोगशाळा पाहते. विशाखापट्टणमच्या ‘एनएसटीएल’कडे नमुने ओढून पाहण्यासाठी लांब टाकी आहे आणि ‘वरुणास्त्र’ हा पाणतीरही तिथलाच. सुमारे चाळीस नॉटने धावणाऱ्या पाणतीराला स्वतःच्या नाकावरच्या खळबळीतून लक्ष्य ऐकायचे असते, म्हणजे प्रवाहाच्या गोंगाटाचा सर्वांत कठीण पेपर तोच सोडवतो. एप्रिल २०२४ मध्ये केरळमधील इडुक्की जलाशयात कुलमावू येथे सोनार यंत्रणांच्या चाचणीसाठी तरंगते केंद्र सुरू झाले. बंदराच्या गजबजाटापासून दूर, शांत आणि खोल पाणी ही अशा मोजमापांची पहिली गरज असते.

यापुढे काय विचारायला हवे?

यंत्रे जसजशी शांत होत जातील, तसतसा प्रवाहाचा गोंगाट उघडा पडत जाईल. बॅटरीवर किंवा इंधनघटावर चालणाऱ्या पाणबुडीत इंजिनाचा आडोसा उरत नाही. त्यामुळे लेप हा बांधणीच्या शेवटी फासायचा रंग आहे, असे मानून चालणार नाही. हायड्रोफोन कुठे बसणार, पत्रा किती थरथरणार, कोणत्या वेगाला कोणती वारंवारता ऐकायची, हे ठरले की मग लेपाची जाडी आणि ताठरपणा ठरतो. अंबरनाथचा रसायनतज्ज्ञ, कोचीचा ध्वनितज्ज्ञ आणि माझगावचा जहाजबांधणी अभियंता हे आराखड्याच्या पहिल्या दिवसापासून एका टेबलावर असायला हवेत. परदेशी आराखडा घेऊन बांधलेल्या पाणबुडीत ही संधी मर्यादित असते. पुढच्या, देशात आखल्या जाणाऱ्या पाणबुड्यांत ती दवडू नये.

क्रेमर यांच्या ६० टक्क्यांनी एक धडा दिला आहे. एक आकर्षक आकडा अनेक प्रयोगशाळांना वर्षानुवर्षे कामाला लावू शकतो आणि तो पडताळायला त्याहून जास्त काळ लागतो. म्हणून ‘गोंगाट इतका कमी करणारा लेप’ अशी घोषणा होईल तेव्हा तीन प्रश्न विचारावेत. कोणता गोंगाट : शत्रूला ऐकू जाणारा, की स्वतःच्या कानाला त्रास देणारा? कोणत्या वेगाला आणि कोणत्या वारंवारतेला? आणि चाचणी नव्याकोऱ्या लेपावर टाकीत झाली, की समुद्रात एक पावसाळा काढलेल्या, शेवाळ धरलेल्या लेपावर?

पाणबुडीवरचे नेमके आकडे गोपनीय राहणारच आणि राहायला हवेत. पण उबदार पाण्यात रबर किती वर्षे टिकते, त्यावर जीव किती वेगाने चढतात, डिंक कधी सुटतो, या माहितीत गुपित फारसे नाही. ती खुली झाली तर तेलशोधापासून माशांच्या अभ्यासापर्यंत अनेकांना उपयोगी पडेल आणि देशातील विद्यापीठांनाही या विषयात हात घालता येईल. डॉल्फिनच्या कातडीची नक्कल करण्याचे स्वप्न मोठे आहे, ते सुरू राहावे. सोनारपुढे बसलेल्या नौसैनिकाला मात्र आज उपयोग आहे तो मध्ये मुकाट उभ्या राहणाऱ्या आणि पाच वर्षांनीही जागचा न सुटणाऱ्या, साध्याशा रबराच्या थराचा.